सूर्याशी चुकामूक झालेले सण

आयर्लंडमध्ये बॉइन नदीच्या खोऱ्यात न्यूग्रेंज नावाची प्रचंड दगडी समाधी आहे. इसवी सनापूर्वी ३२०० च्या सुमारास बांधलेली, म्हणजे गीझाच्या पिरॅमिडांहूनही काही शतकं जुनी. आत जायला १९ मीटरचा अरुंद बोळ आणि दारावर एक छोटा झरोका. गाभाऱ्यात वर्षभर काळोख असतो. वर्षातल्या सर्वांत लहान दिवसाच्या, म्हणजे २१ डिसेंबरच्या, मागेपुढे काही दिवस मात्र उगवत्या सूर्याचा किरण त्या झरोक्यातून शिरतो, बोळातून सरकत गाभाऱ्यापर्यंत पोचतो आणि सतराएक मिनिटांत मावळतो. पुरातत्त्वज्ञ मायकेल ओ'केली यांनी २१ डिसेंबर १९६७ रोजी आत उभं राहून हे पाहिलं. आता तिथे उभं राहता यावं म्हणून लोक सोडतीत नाव नोंदवतात.

लोखंड नाही, लिपी नाही, अशा माणसांनी एवढा खटाटोप का केला असेल? मुंबईत वर्षातला सर्वांत लहान दिवससुद्धा अकरा तासांच्या आसपास भरतो. स्टॉकहोममध्ये तो जेमतेम सहा तासांचा असतो. तिथे सूर्य परत फिरला की नाही, हा जिवाचाच प्रश्न. इंग्लंडमधल्या स्टोनहेंजजवळच्या डरिंग्टन वॉल्स या वस्तीत डुकरांची हाडं ढिगांनी सापडली. त्यांच्या दातांवरून दिसतं, की बरीचशी डुकरं नऊएक महिन्यांची असताना कापली गेली. वसंतात जन्मलेली पिल्लं, म्हणजे जेवणावळी ऐन हिवाळ्यातल्या.

रोमन लोकांनी या दिवसांत चक्क जग उलटं केलं. १७ डिसेंबरला सॅटर्नेलिया सुरू होई आणि पुढे पुढे तो आठवडाभर लांबला. एरवी निषिद्ध असलेला जुगार उघड चाले, मानाचा टोगा खुंटीला लागे, मालक गुलामांसोबत जेवत, कधी त्यांना वाढतही. भेट म्हणून मेणबत्त्या आणि मातीच्या बाहुल्या देत. सण संपला की गुलाम पुन्हा गुलाम, हेही सांगायला हवं.

नाताळ याच सॅटर्नेलियातून आला, असं सर्रास सांगितलं जातं. गोष्ट इतकी सरळ नाही. ज्यूलियस सीझरच्या कॅलेंडरात २५ डिसेंबर हाच दक्षिणायन संपण्याचा पारंपरिक दिवस मानला जाई. इसवी सन ३५४ च्या एका रोमन पंचांगात त्याच तारखेला ‘अजिंक्य’ देवाचा, म्हणजे बहुधा सूर्याचा, जन्मदिवस आहे आणि ख्रिस्तजन्मही. कोणी कोणाकडून घेतलं, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. ख्रिस्ताची गर्भधारणा २५ मार्चला झाली असं धरून त्यात नऊ महिने मिळवून ही तारीख आली, असंही काही जण मानतात.

खरी गंमत पुढे आहे. सीझरचं वर्ष प्रत्यक्षापेक्षा सुमारे अकरा मिनिटांनी मोठं होतं. दर १२८ वर्षांनी एक दिवस या हिशेबाने चौदाव्या शतकात वर्षातली सर्वांत मोठी रात्र १३ डिसेंबरच्या आसपास आली. तो सेंट लुसियाचा दिवस. स्वीडनने १७५३ मध्ये अकरा दिवस गाळून कॅलेंडर दुरुस्त केलं, रात्र आपल्या जागी गेली, पण लुसिया १३ तारखेलाच राहिली. आजही त्या पहाटे डोक्यावर मेणबत्त्यांचा मुकुट घालून मुली निघतात आणि घरोघर केशराचे पाव खाल्ले जातात.

इराण आणि चीन यांनी मात्र सूर्याला सोडलं नाही. इराणी वर्ष वसंतसंपाताच्या क्षणाला बांधलेलं असल्याने ‘यल्दा’ची रात्र नेमकी सर्वांत मोठ्या रात्रीवरच पडते. डाळिंबं, कलिंगड, सुकामेवा आणि कवी हाफिजच्या दिवाणातून काढलेला कौल यांत ती जागवायची. चिनी ‘दोंगझ’ हा सणही थेट सूर्याच्या स्थितीवरून ठरतो. या दिवशी बीजिंगच्या स्वर्गमंदिरात सम्राट स्वतः यज्ञ करत असे.

आपली चुकामूक सर्वांत मोठी. साधारण सतराशे वर्षांपूर्वी मकरसंक्रांत आणि उत्तरायणाचा आरंभ एकाच दिवशी होत. आपलं वर्ष ताऱ्यांवरून मोजतात, ऋतू मात्र सूर्यावरून चालतात आणि पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा हळूहळू डोलतो. त्यामुळे साधारण दर बहात्तर वर्षांनी संक्रांत एक दिवस पुढे जाते. स्वामी विवेकानंद संक्रांतीला जन्मले, तेव्हा तारीख १२ जानेवारी १८६३ होती. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर ‘संक्रांत कोसळली’ असं आपण म्हणतो. पण त्या वर्षीची संक्रांत १० तारखेच्या सुमारासच होऊन गेली होती.

दुरुस्तीचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. शास्त्रज्ञ मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने सुचवलेली आणि १९५७ पासून लागू झालेली राष्ट्रीय दिनदर्शिका ऋतूंना धरून चालते. तिच्यात १ पौष म्हणजे २२ डिसेंबर. सरकारी राजपत्राबाहेर तिला फारसं कोणी विचारत नाही. टिळक पंचांग पाळणाऱ्या घरांत मात्र संक्रांत आजही इतरांच्या चारएक दिवस आधी, १० जानेवारीच्या सुमारास होते. शेजारच्या घरातून तिळगूळ लवकर आला, तर त्यांची तारीख चुकली असं समजू नका. चुकायचंच म्हटलं तर सूर्याच्या मानाने ते आपल्यापेक्षा कमी चुकले आहेत.