राहुटींतला मेणबत्तीचा कंदील



पौषांतली रात्र होती. भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठीं आम्हीं चौघांनीं दोन राहुट्या ठोकल्या होत्या. विजेऱ्या प्रत्येकाजवळ होत्याच; तरी एका मित्रानें हौसेनें मेणबत्तीचा कंदील बरोबर आणला होता. जेवणें आटोपलीं, वारा झोंबूं लागला, तेव्हां त्यानें तो कंदील राहुटीच्या आढ्याला टांगला आणि दाराची झिप खालपर्यंत ओढून घेतली. मीं हरकत घेतली. तो हंसून म्हणाला, "अरे, आपले आजोबा जुन्या विहिरींत माणूस उतरविण्यापूर्वीं पेटता कंदील सोडून पाहत. दिवा जळतो आहे तोंवर हवा आहे!"

त्याच्या या वाक्यापाशीं मला यावयाचें आहे. पण आधीं कंदिलाची थोडी ओळख करून घेऊं.

मेणबत्ती जळते तेव्हां घट्ट मेण जळत नसतें. तें वितळतें, वातीच्या धाग्यांतून वर चढतें, तेथें त्याची वाफ होते आणि ती वाफ पेटते. मायकेल फॅरडे यांनीं १८६०-६१ च्या नाताळांत लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें मुलांपुढें नुसत्या मेणबत्तीवर सहा व्याख्यानें दिलीं. त्यांतला एक प्रयोग घरींहि करतां येतो. ज्योत हळूच विझवावी आणि वर चढणाऱ्या पांढुरक्या धुराला बोट-दोन बोटें अंतरावरून जळती काडी लावावी. ज्योत त्या धुरावरून धांवत पुन्हा वातीवर येऊन बसते! ज्योतीचा पिवळा उजेड हा कार्बनच्या तापून लाल-पिवळ्या झालेल्या सूक्ष्म कणांचा. हवा अपुरी पडली कीं तेच कण काजळी होऊन कांचेवर बसतात.

कंदिलाची कांच वारा अडविते. परंतु हवा अडवून चालत नाहीं. तळाच्या छिद्रांतून गार हवा आंत यावी व माथ्याच्या झरोक्यांतून तापलेली बाहेर जावी, अशी त्याची रचना असते. ओघळलेल्या मेणानें खालचीं छिद्रें बुजलीं कीं ज्योत तांबूस होऊन धुरकटते. पुष्कळ जण अशा वेळीं मेणबत्तीला दोष देतात! कांहीं कंदिलांत मेणबत्ती नळींत बसवून खालून स्प्रिंगनें वर लोटलेली असते. त्यामुळें ती झिजली तरी ज्योतीची उंची बदलत नाहीं. घोडागाडीच्या जुन्या दिव्यांतहि ही युक्ति असे.

उजेड किती? एका मेणबत्तीचा सुमारें १२ ल्युमेन. घरांतल्या ९ वॅटच्या एलईडी दिव्याचा ८०० च्या आसपास. दोन मीटरांवर मेणबत्तीचा प्रकाश माथ्यावरच्या पूर्णचंद्राच्या चांदण्याइतकाच उरतो. ताट दिसतें, समोरच्याचा चेहरा दिसतो, डोळे दिपत नाहींत. गप्पांना एवढें पुरे. उष्णता मात्र बरीच. तासाला सहा ग्रॅम मेण जळालें तर सुमारें ७५ वॅट, म्हणजे निजलेल्या एका माणसाच्या अंगांतून निघते तेवढी. आमच्या मित्राला मोह पडला तो या उबेचा.

आतां त्याच्या वाक्याकडे वळूं. विहिरींतली परीक्षा खरी आहे, पण ती प्राणवायूपुरती. हवेंत प्राणवायु २१ टक्के असतो. तो सुमारें १६ टक्क्यांवर आला कीं मेणबत्ती विझते. कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु मात्र ज्योतीला विझवीत नाहीं. त्याला रंग नाहीं, वास नाहीं, आणि रक्तांतील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पट ओढीनें चिकटतो. डोकें दुखतें, मळमळतें, झोंप येते. आणि राहुटींत झोंप आली तर संशय कोणाला येणार? नीट जळणाऱ्या एका मेणबत्तीपासून हा वायु थोडाच निघतो, हें मान्य. परंतु हाच न्याय लावून उद्यां कोणी कोळशाची शेगडी आंत घेईल. आणि बंद खोलींत शेगडी ठेवून निजलेलीं माणसें सकाळीं उठलीं नाहींत, अशा बातम्या थंडीच्या दिवसांत आपण वाचतों. कोळसे धगधगत असतात, माणसें गेलेलीं असतात.

त्या रात्रीं वाद मिटविला तो नायलॉननें. कंदिलाच्या माथ्यावरचें कापड आक्रसूं लागलें, चरचरीत वास सुटला आणि मित्रानेंच घाईघाईनें झिप उघडली. आंतल्या बाजूला हात लावला तर ओल! सहा ग्रॅम मेण जळालें कीं आठ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपानें हवेंत जातें. शिवाय आमचे श्वास होतेच.

मग कंदील बाहेर, गवत काढून मोकळ्या केलेल्या जागेंत, एका सपाट दगडावर आला. आम्हीं कांबळीं पांघरून त्याच्याभोंवतीं बसलों आणि मध्यरात्र उलटून गेली. निजतांना त्यानें तो विझविला आणि मेण थिजण्यापूर्वींच आडवा पिशवींत कोंबला. त्याच्या लोकरी कानटोपीवर मेणाचा तो डाग अजून आहे.