वैराग्य की नैराश्य?

सूर्यास्तापूर्वी गोंदियातील जैन घरांत लगबग सुरू होते. चौविहाराची वेळ जवळ आलेली असते, शेवटचे पाणी प्यायचे असते आणि घरातील ज्येष्ठांच्या हाती रक्तदाबाची गोळी द्यायची असते. ही गोळी सहसा चुकत नाही. सूनबाई आठवण ठेवतात, नातू पेला आणून देतो, दर महिन्याला दाब मोजून वहीत आकडा लिहिला जातो. आकडा ठीक आला की घर निश्चिंत होते. परंतु त्याच आजोबांनी दोन महिन्यांत जिनालयाची पायरी चढलेली नाही, दुकानाच्या हिशेबाविषयी एकदाही विचारलेले नाही, पहाटे तीनला जागे होऊन ते छताकडे पाहत पडून राहतात, याची नोंद मात्र कोणत्याही वहीत नसते. कोणी विचारलेच तर उत्तर तयार असते : ‘आता त्यांचे मन संसारातून उठले आहे.’

अन्य समाजांत हे वाक्य काळजीने उच्चारले गेले असते. आपल्याकडे ते कौतुकाने उच्चारले जाते, आणि म्हणूनच एक बरा होणारा आजार वर्षानुवर्षे घरात दडून राहू शकतो.

भाताच्या गिरण्यांचे आणि तेंदूपानांच्या व्यापाराचे हे गाव हावडा-मुंबई लोहमार्गावरचे मोठे जंक्शन. येथे पेढी उभी करणाऱ्या पिढीची मुले विदर्भ एक्स्प्रेसने आणि महाराष्ट्र एक्स्प्रेसने नागपूर, पुणे, मुंबईकडे गेली आणि बहुतेक तिकडेच स्थिरावली. मागे राहिली प्रशस्त घरे आणि त्यांत दोन, कधी एकच, वृद्ध जीव. सणाला घर भरते, चार दिवसांनी पुन्हा शांत होते. अशा घरातील वृद्धाला रक्तदाब असणे ही आता बातमी राहिलेली नाही. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये केलेल्या ‘लासी’ या देशव्यापी पाहणीत पंचेचाळिशीपुढील सुमारे ७२ हजार व्यक्तींची माहिती घेण्यात आली. साठीपुढील दर १०० जणांपैकी सुमारे ३२ जणांनी आपल्याला उच्च रक्तदाबाचे निदान झाल्याचे सांगितले. याच पाहणीत लक्षणांविषयी प्रश्न विचारले तेव्हा दर १०० ज्येष्ठांपैकी आठांहून अधिक जणांत नैराश्याची शक्यता दिसली. मात्र नैराश्याचे निदान पूर्वी झालेले होते ते शंभरात एकालाही नाही. रक्तदाबाला नाव मिळाले आहे, मनाच्या आजाराला अद्याप मिळालेले नाही.

या दोन आजारांचा परस्परांशी संबंध आहे. दीर्घकाळ वाढलेला दाब मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांना इजा करतो, आणि उतारवयात प्रथमच उद्भवणाऱ्या काही नैराश्यांच्या मुळाशी ही इजा असते, असे तज्ज्ञ मानतात. उलट बाजूने, खिन्न मनाचा रुग्ण गोळी टाळतो, फिरणे सोडतो, रात्री जागतो. दाब आणखी वाढतो. त्यात वृद्ध माणूस ‘मी उदास आहे’ असे क्वचितच म्हणतो. तो म्हणतो, डोके जड आहे, छातीत धडधडते, ‘बीपी वाढले असेल, मोजा.’ दाब मोजला जातो, आकडा बरा येतो, आणि दुसऱ्या दिवशी तीच तक्रार पुन्हा येते. घरच्यांच्या लेखी तो हट्ट ठरतो.

औषधांच्या इतिहासातही हा धागा आहे. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटनच्या नियतकालिकात सर्पगंधेच्या गुणांविषयी लेख लिहिला आणि रक्तदाबावरील ही भारतीय वनस्पती जगाला ठाऊक झाली. पुढे तिच्यापासून काढलेले रेसरपिन घेणारे काही रुग्ण खिन्न होतात, अशा नोंदी १९५० च्या दशकात झाल्या. तो निष्कर्ष कितपत खरा होता याविषयी पुढे मतभेद झाले, आणि आज प्रचारात असलेली औषधे निराळी आहेत. तरीही नवी गोळी सुरू झाल्यावर स्वभाव पालटला असे वाटल्यास डॉक्टरांना सांगावे. गोळी परस्पर बंद करू नये.

आता मूळ प्रश्नाकडे. वैराग्य आणि नैराश्य यांतील भेद जैन शास्त्रकारांना अपरिचित नव्हता. तत्त्वार्थसूत्रात आर्तध्यानाचे चार प्रकार सांगितले आहेत : नको ते वाट्याला येणे, प्रिय ते दुरावणे, शरीराची वेदना आणि भावी भोगांची लालसा. यांपैकी पहिल्या तिघांत सहचारिणी गमावलेल्या, मुले दूर असलेल्या, व्याधींनी गांजलेल्या वृद्धाचे जवळजवळ संपूर्ण वर्णन येते. आणि शास्त्राने त्याला धर्मध्यान म्हटलेले नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट सल्लेखनेच्या अतिचारांची आहे. जगण्याची आसक्ती हा जसा दोष, तशीच ‘मरणाशंसा’, म्हणजे लवकर मरण यावे ही इच्छा, हाही दोषच मानला आहे. ‘आता देवाने उचलावे’ असे रोज म्हणणारी आजी विरक्त झाली आहे असे समजणे हे म्हणून शास्त्राला धरूनही नाही. राजस्थान उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये संथाऱ्याविरुद्ध निर्णय दिला आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, तेव्हा संथारा म्हणजे आत्महत्या नव्हे, असे समाजाने एकमुखाने सांगितले. ते म्हणणे जपायचे असेल तर अन्नावरची वासना उडालेल्या प्रत्येक वृद्धाच्या मनाची तपासणी आधी व्हायला हवी.

भेद ओळखता येतो. विरक्त माणसाचा स्वाध्यायातील रस वाढतो, वाणी मऊ होते, लहान मूल जवळ आले तर चेहरा उजळतो. नैराश्यात पूजेतही मन लागत नाही, झोप आणि भूक हरपते, हालचाल मंदावते, आणि ‘मी सर्वांवर भार झालो’ हा विचार हटत नाही. अशी अवस्था दोन आठवड्यांहून अधिक टिकली तर वाट पाहू नये. जीव नकोसा झाल्याचे शब्द निघाले तर एक दिवसही थांबू नये.

जैन घरांतील एक दुःख बाहेरच्या डॉक्टरांना सहसा समजत नाही. पंचवीस वर्षे पर्युषणात अठ्ठाई करणाऱ्या श्राविकेला एके दिवशी सांगितले जाते, उपवास बंद. वैद्यकीयदृष्ट्या सल्ला रास्त असतो. लघवी वाढवणारी गोळी चालू असताना अन्नपाणी तोडले तर दाब एकदम उतरून चक्कर येऊ शकते, आणि उपवासासाठी गोळी थांबवणेही तितकेच घातक. परंतु तिच्या दृष्टीने केवळ उपवास गेलेला नसतो, समाजातील तिची ओळख गेलेली असते. पारण्याच्या दिवशी तिला भेटायला येणारी माणसे आता दुसऱ्या घरी जातात. ताटही निराळे होते : पापड नाही, लोणचे नाही, अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी वर्ज्य म्हणून जे खारट पदार्थ सर्वांना चालतात ते तिला नाहीत. घरातील सर्वांनीच मीठ कमी केले तर तिला वेगळे बसावे लागणार नाही, आणि तसे करणे सर्वांच्याच हिताचे आहे. शिवाय तपाचे प्रकार बारा आहेत आणि अनशन हा त्यांतील एक. स्वाध्याय आणि वैयावृत्त्य यांवर कोणत्याही डॉक्टरने बंदी घातलेली नाही. तिला पाठशाळेत मुलांना सूत्रे शिकवायला बोलावले तर ते तपही होईल आणि उपचारालाही साहाय्य होईल.

हे केवळ सदिच्छेचे बोल नव्हेत. गोव्यात डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी, ‘संगात’ या संस्थेच्या साहाय्याने, साठीपुढील १८१ व्यक्तींवर एक प्रयोग केला. त्यांच्यात नैराश्याची सौम्य लक्षणे होती, पूर्ण आजार नव्हता. निम्म्या लोकांना मानसोपचारतज्ज्ञांनी नव्हे, तर प्रशिक्षण दिलेल्या साध्या समुपदेशकांनी भेटून अडचणी सोडवण्याची रीत, झोपेची शिस्त, आजारांत घ्यायची काळजी आणि शासकीय योजनांची वाट दाखवली. २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर्षभरात या गटातील ९१ पैकी चौघांना नैराश्य जडले, तर दुसऱ्या गटातील ९० पैकी तेरा जणांना. आणखी एक गोष्ट आढळली : पहिल्या गटाचा वरचा रक्तदाबही दुसऱ्याच्या तुलनेत सरासरी सुमारे सात अंकांनी अधिक उतरला. मनाची विचारपूस झाली आणि दाबही उतरला.

गोंदियाला हे दूरचे वाटू नये. ज्या भंडाऱ्यातून १ मे १९९९ रोजी हा जिल्हा वेगळा झाला, तो भंडारा २०१७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या जिल्ह्यांत होता. प्रत्येक रुग्णाची नोंद, ठरलेले औषध आणि न आलेल्या रुग्णाचा पाठपुरावा, एवढीच त्याची साधी रीत. हाच पाठपुरावा मंडळाच्या रक्तदाब शिबिरातही होऊ शकतो. पट्टा दंडावर बांधलेला असताना दोन प्रश्न विचारायचे : गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटत नाही असे झाले का? मन खिन्न किंवा निराश राहिले का? उत्तर ‘हो’ असेल तर त्या घरी आठवड्याने कोणीतरी जायचे आणि गरज पडल्यास सोबत डॉक्टरांकडे. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. घराबाहेर पडणे ज्यांना कठीण, त्यांच्यासाठी टेली-मानसचा १४४१६ हा विनाशुल्क क्रमांक अहोरात्र चालू असतो. मानसोपचाराची औषधे सुरू करताना रक्तदाबाच्या गोळ्यांची चिठ्ठी जवळ ठेवावी, कारण काही औषधांनी दाब वाढतो, काहींनी उठताना उतरतो. आणि गोळ्यांच्या वेळा लिहून घेताना ‘सूर्यास्तानंतर आम्ही पाणी घेत नाही’ हे डॉक्टरांना आधीच सांगावे. बहुतेक औषधे सकाळच्या वेळेत बसवता येतात.