पिरोजा, मॅलाकाइट घासताना फुप्फुसांची काळजी कशी घ्याल?

पिरोजा, मॅलाकाइट, क्रिसोकोला या खड्यांचा निळा-हिरवा रंग तांब्यामुळे येतो. मॅलाकाइटच्या वजनात निम्म्याहून अधिक तांबेच असते, पिरोजात साधारण ८ टक्के. तरीही अंगठीतला खडा बोटाला लागला म्हणून विषबाधा होत नाही. त्रास होतो तो खडा कापताना आणि घासताना उडणाऱ्या भुकटीमुळे.

तांब्याच्या भुकटीने नाक-घसा चुरचुरतो, डोळे लाल होतात, तोंडाला धातूची चव येते, कधी मळमळते. काम थांबवले की हे बहुधा कमी होते. खरी काळजी सिलिकाची आहे. क्रिसोकोलात बऱ्याचदा गारगोटी मिसळलेली असते. पिरोजाला चिकटलेल्या मूळ दगडातही ती असू शकते. तिचे डोळ्यांना न दिसणारे कण फुप्फुसात खोल जाऊन सिलिकोसिस होतो. त्याचे व्रण भरून येत नाहीत, शिवाय क्षयरोगाचा धोकाही वाढतो.

म्हणून खडा कधीही कोरडा घासू नका. चाकावर सतत पाणी हवे. (पाणी आणि मोटर जवळजवळ असतात, तेव्हा ईएलसीबी बसवून घ्या.) पण उडणाऱ्या तुषारांतही कण असतातच, त्यामुळे चेहऱ्यावर नीट बसणारा एन-९५ मास्क आणि चष्मा वापरा. रुमाल बांधून उपयोग नाही. बहुतेकांची चूक होते ती काम संपल्यावर: चिखल वाळतो, झाडू फिरतो आणि तीच धूळ पुन्हा हवेत जाते. चिखल ओला असतानाच पुसून घ्या. कामाचे कपडे घरात झटकू नका. मुले झोपतात त्या खोलीत तर हे काम नकोच. खडा जिभेने ओला करणे किंवा पिण्याच्या पाण्यात ठेवणेही टाळा.

विल्सन आजारात शरीरात तांबे साठत जाते. अशा रुग्णांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या कामात पडू नये.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, जिना चढताना दम, वजन घटणे यांपैकी काही असेल तर तपासणी करून घ्या. छातीचा एक्स-रे, फुप्फुसांच्या क्षमतेची चाचणी आणि गरजेप्रमाणे थुंकीची तपासणी केली जाते. आपण दगड घासतो आणि किती वर्षे, हे डॉक्टरांना न विचारताही सांगा. एक्स-रेमध्ये सिलिकोसिस आणि क्षयरोग सारखेच दिसू शकतात.