दोन डोळ्यांची दुर्बीण घेताना

शाळेच्या विज्ञान मंडळाने वर्गणी जमवली आहे आणि तुम्ही गुरुजींबरोबर दुर्बीण घ्यायला निघाला आहात, अशी कल्पना करा. दुकानदार पहिला प्रश्न विचारील तो असा : "किती पॉवरची पाहिजे?" लगेच उत्तर देऊ नका. पुष्कळांचे पैसे इथेच वाया जातात.

दुर्बिणीवर ७×५०, ८×४०, १०×५० असे आकडे असतात. पहिला आकडा वस्तू किती पट मोठी दिसेल हे सांगतो. दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधील व्यास. वीस पटींची दुर्बीण आठ पटींच्या दुर्बिणीहून सरस, असे कोणालाही वाटेल. पण हाताचा कंपही ती वीस पट वाढवते! शिवाय तिच्यातून एका वेळी थोडाच भाग दिसत असल्याने फांदीवरचा पक्षी सापडता सापडत नाही. हातात धरायची असेल तर दहा पटींच्या पुढे जाऊ नये.

आता दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागा. ८×४० साठी उत्तर येते ५. दुर्बीण हातभर दूर धरून, सूर्याकडे पाठ करून, उजळ आकाशाकडे रोखा. डोळ्याकडच्या भिंगात प्रकाशाची लहानशी चकती दिसेल. तिचा व्यास ५ मिमी असतो आणि दुर्बिणीतला सारा प्रकाश तिच्यातूनच बाहेर पडतो. अंधारात तुमच्या डोळ्याची बाहुली सुमारे ७ मिमीपर्यंत उघडते, म्हणून रात्री ७×५० दुर्बिणीचा प्रकाश तुम्हाला पुरेपूर मिळतो. वय वाढले की बाहुली तेवढी उघडत नाही. गुरुजींची बाहुली ५ मिमीच उघडत असेल, तर त्यांच्यापुरती तीच दुर्बीण ७×३५ होते. उरलेला प्रकाश बाहुलीच्या कडेवर अडतो.

ही चकती दुर्बिणीची लबाडीही उघड करते. डोळ्याकडच्या भिंगावर बटर पेपर धरून ती पट्टीने मोजा. १०×५० दुर्बिणीची चकती ४ मिमीच भरली, तर पुढच्या भिंगातला ४० मिमीचाच भाग कामी येतो आहे. बाकीचा आत कुठेतरी अडवला आहे. चकती गोल न दिसता तिच्या कडा कापल्यासारख्या दिसल्या, तर आतले लोलक लहान किंवा हलक्या काचेचे आहेत. प्रतिमा उलटी न दिसता सुलट दिसते ती या लोलकांमुळेच. इटलीतील इग्नात्सिओ पोरो यांनी १८५४ साली योजलेली ही मांडणी आजही वापरात आहे.

भिंगात ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पाहा. ते पांढरे दिसले तर काचेवर लेप नाही. निळसर, जांभळट किंवा हिरवट दिसले तर आहे. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. असे दहा पृष्ठभाग ओलांडले की ६६ टक्केच उरतो.

सर्वांत महत्त्वाची परीक्षा मात्र दुकानाच्या दारात उभे राहून करायची. दोन्ही नळ्या एकाच दिशेला रोखलेल्या नसतील, तर दोन चित्रे जुळवताना डोळ्यांचे स्नायू थकतात आणि दहा मिनिटांत डोके दुखू लागते. अशी दुर्बीण मग कायमची कपाटात जाते. लांबच्या गच्चीच्या आडव्या कठड्याकडे पाहा आणि दुर्बीण हळूहळू डोळ्यांपासून वीतभर दूर न्या. कठडा दोन्हीकडे एकाच उंचीवर दिसला पाहिजे. वरखाली दिसला तर दुसरी मागा. संकोच करू नका.

शाळेसाठी मी ८×४० घेईन. दिवसा पक्षी, रात्री कृत्तिका. आणि कोपरे भिंतीवर टेकवली तर गुरूचे चंद्रही. सूर्याकडे मात्र तिच्यातून क्षणभरही पाहू नका. दृष्टिपटलाला वेदना कळत नाहीत. डोळा कायमचा जाईल आणि त्या क्षणी काहीच दुखणार नाही.

पावसाळ्यात भिंगांवर बुरशी चढते. तेव्हा दुर्बीण तिच्या पिशवीत न ठेवता घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या टाकून ठेवा.