रजोनिवृत्ती : निदानापूर्वीचा एक प्रश्न

सुश्रुताचार्यांनी रजःकाल १२ ते ५० वर्षे सांगितला आहे. उतारवयात बीजाशयातील इस्ट्रोजेन घटते, एफएसएच वाढते. सलग १२ महिने रजोदर्शन न झाल्यास रजोनिवृत्ती मानावी. परंतु गाळप हंगामात सातारा-सांगलीच्या फडांवर बीडहून आलेली तिशीतील ऊसतोड भगिनी दाह, अनिद्रा, अस्थिशूल सांगते, तेव्हा ‘पिशवी काढली आहे काय?’ हे आम्ही प्रथम विचारतो. अशा शस्त्रक्रियांची २०१९ मध्ये राज्य समितीने चौकशी केली होती. बीजाशयेही काढलेली असल्यास केवळ शतावरीवर विसंबू नये. अस्थिक्षयाचा धोका जाणून स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवावे. निवृत्तीनंतर पुन्हा रक्तस्राव झाल्यास औषधालयातून परस्पर अशोकारिष्ट देऊ नये; कर्करोगाची शंका आधी तपासावी.