सुती हातविणकाम

कापसाच्या धाग्याचे परस्परांत गुंतलेले फासे सुयांच्या किंवा आकडीच्या साहाय्याने हातांनी तयार करून वस्त्र अथवा वस्तू बनविण्याची कला. मागावरील विणाईत ताणा व बाणा असे धाग्यांचे दोन संच एकमेकांना काटकोनात छेदतात. हातविणकामात बहुधा एकच सलग धागा असतो व मागील ओळीच्या प्रत्येक फाशातून पुढील ओळीचा फासा ओढून घेतला जातो. म्हणून असे वस्त्र मागावरील कापडापेक्षा अधिक ताणले जाते. मात्र एक फासा निसटल्यास त्याखालील फासे ओळीने उसवत जातात. दोन सुयांवरील प्रकारास विणकाम व एका आकडीने करावयाच्या प्रकारास क्रोशाकाम म्हणतात. मराठीत ‘लोकर’ हा शब्द व्यवहारात विणावयाच्या जवळजवळ सर्वच जाड धाग्यांना लावला जातो. ॲक्रिलिक हा कृत्रिम धागाही दुकानात लोकर म्हणूनच मागितला जातो. परंतु या तंतूंचे गुणधर्म भिन्न आहेत. उन्हाळा कडक, थंडी अल्पकाळ आणि मुख्य पीक कापूस अशी स्थिती असलेल्या यवतमाळ जिल्ह्यात हा भेद विशेष महत्त्वाचा ठरतो.

इतिहास : विणकाम म्हणजे लोकरीचे काम, ही समजूत इतिहासाला धरून नाही. सुयांवरील विणकामाचे जे प्राचीनतम अवशेष उपलब्ध आहेत, त्यांत ईजिप्तमध्ये सापडलेले, साधारणपणे अकराव्या ते चौदाव्या शतकांतील निळ्या व पांढऱ्या सुती धाग्यांचे मोजे प्रमुख आहेत. स्पेनमधील बूर्गोसजवळच्या मठातील तेराव्या शतकातील थडग्यांत रेशमी विणीच्या उशा सापडल्या. पुढे थंड हवेच्या यूरोपात लोकरीला प्राधान्य मिळाले. इंग्लंडमध्ये विल्यम ली याने १५८९ मध्ये मोजे विणण्याचे यंत्र तयार केले आणि तेव्हापासून हातकाम व यंत्रकाम यांची स्पर्धा सुरू झाली. भारतात ही कला एकोणिसाव्या शतकात मुख्यत्वे यूरोपीय मिशनऱ्यांनी चालविलेल्या मुलींच्या शाळांतून पसरली व पुढे मध्यमवर्गीय घरांत रुजली. १९६२ च्या भारत–चीन युद्धाच्या वेळी देशभरातील स्त्रियांनी जवानांसाठी स्वेटर विणून पाठविले. महाराष्ट्रात बाळंतविड्यातील टोपडे, मोजे व अंगडे यांच्या रूपाने हे काम घरोघर टिकून राहिले.

धाग्याची निवड : लोकरीच्या तंतूला नैसर्गिक कुरळेपणा असतो, तो ताणला तरी पूर्ववत होतो व त्याच्या कुरळ्यांत हवा अडकून ऊब टिकते. कापसाच्या तंतूला अशी लवचिकता जवळजवळ नसते. तो लोकरीपेक्षा जड असून (घनता सुमारे १·५४; लोकरीची सुमारे १·३१) मोठे सुती वस्त्र स्वतःच्या भारानेच लोंबते. याउलट कापूस घाम शोषतो, ओला झाल्यावर अधिक बळकट होतो, उकळत्या पाण्यात धुता येतो व लोकरीसारखा आटून घट्ट होत नाही. ॲक्रिलिक धागा स्वस्त, हलका व पक्क्या रंगाचा असतो. पण तो पाणी अत्यल्प शोषतो आणि गरम इस्त्रीने त्याची वीण कायमची सपाट व निर्जीव होते. तापमान ४५° से.च्या घरात जाणाऱ्या प्रदेशात तान्ह्या मुलांची टोपडी, अंगाला लागणारे कपडे, रुमाल, पिशव्या व भांडी धरण्याची फडकी यांसाठी सुती धागाच योग्य होय. थंडीच्या दिवसांतील मोठ्या स्वेटरास मात्र लोकर किंवा लोकरमिश्रित धागा बरा.

धाग्याचे पदर व पीळही पाहावे लागतात. एकपदरी, एकाच दिशेने पीळ दिलेल्या सुताचे विणलेले वस्त्र तिरके होत जाते. असे दोन वा अधिक पदर उलट दिशेने पिळून एकत्र केल्यास पीळ समतोल होतो व वीण सरळ बसते. जॉन मर्सर या इंग्रज रसायनज्ञाने १८४४ च्या सुमारास शोधलेल्या दाहक सोड्याच्या प्रक्रियेमुळे सूत अधिक बळकट होते व रंग चांगला धरते. पुढे धागा ताणलेल्या स्थितीत ही प्रक्रिया करण्यात येऊ लागल्यावर त्याला चकाकीही आली. क्रोशाकामात असा चकचकीत धागा विशेष वापरतात.

तंत्र : सुलट व उलट हे दोन मूलभूत टाके होत. एक बाजू सुलट व दुसरी उलट विणल्यास गुळगुळीत पण कडांना वळणारी वीण मिळते. एक सुलट, एक उलट अशा क्रमाने काठाची ताणली जाणारी पट्टी तयार होते. भारतात प्रचलित असलेल्या जुन्या ब्रिटिश मापात सुईचा क्रमांक वाढतो तशी सुई बारीक होते (क्र. ८ म्हणजे ४ मिमी., क्र. १० म्हणजे ३·२५ मिमी.). सुती धाग्यास नेहमीपेक्षा एक-दोन क्रमांक बारीक सुई घेतल्यास वीण घट्ट राहते व लोंबणे कमी होते.

बहुतेक अपयश मापाच्या चुकीतून येते. कामापूर्वी सु. १५ सेंमी. चौरस नमुना विणून, तो धुऊन व वाळवून, मधल्या १० सेंमी.मधील टाके मोजावेत. १० सेंमी.त २२ टाके बसतील असे धरून ९० सेंमी. घेराच्या वस्त्रास १९८ टाके घेतले आणि हात सैल असल्याने प्रत्यक्षात २० च टाके बसले, तर घेर ९९ सेंमी. होतो. नमुना धुणे आवश्यक असते, कारण सुती वीण पहिल्या धुण्यात लांबीकडून आटते. निसटलेला टाका आकडीने एकेक फासा वर चढवून पुन्हा सुईवर घेता येतो. काम बिघडल्यास सर्व उसवून धाग्याची लडी करावी, ती भिजवून, वजन टांगून वाळवावी. वळ्या जाऊन धागा पुन्हा वापरण्याजोगा होतो. कापलेल्या कापडाला ही सोय नाही. मूल वाढले की जुना स्वेटर उसवून मोठा विणण्याची घरगुती रीत याच गुणावर आधारलेली आहे.

यवतमाळ जिल्ह्यातील स्थिती : जिल्ह्यात धाग्याच्या हस्तकला जुन्या आहेत. गोधडीची शिवण सर्वत्र आढळते; पुसद, दिग्रस व दारव्हा परिसरातील बंजारा स्त्रियांचे फेटिया व कांचळी यांवरील आरसे, कवड्या व रंगीत सुताचे भरतकाम प्रसिद्ध आहे. सुयांवरील विणकाम त्यामानाने अलीकडचे. वऱ्हाडचा आखूड धाग्याचा कापूस पूर्वी मुंबईच्या बाजारात ‘उमरा’ नावाने ओळखला जाई. तो वाहून नेण्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी यवतमाळ–मूर्तिजापूर हा अरुंद रूळमार्ग बांधण्यात आला. सरकी काढून व गाठी बांधून कापूस बाहेर पाठवावयाचा आणि धागा बाहेरून आणावयाचा, हा क्रम तेव्हापासून रूढ झाला. लुधियाना हे लोकरी व ॲक्रिलिक विणकाम-उद्योगाचे, तर तिरुप्पूर हे सुती यांत्रिक विणीच्या कपड्यांचे देशातील प्रमुख केंद्र आहे. विणावयाच्या धाग्याचे असे केंद्र कापूस पिकविणाऱ्या या जिल्ह्यात झाले नाही.

लगतच्या वर्धा जिल्ह्यात महात्मा गांधींच्या प्रेरणेने खादीकार्य वाढले. १९३८ मध्ये वर्धा येथे मगन संग्रहालय उघडण्यात आले. हातकताईत कापूस पिंजून त्याचे पेळू करतात व चरख्यावर सूत काढून गुंड्या बांधतात. आखूड धाग्याच्या देशी कापसापासून फार बारीक सूत निघत नाही. गिरणीच्या दृष्टीने हे वैगुण्य असले, तरी हातविणकामास मुळातच जाड धागा लागतो. पिळाचे प्रमाण थोडे वाढवून काढलेले असे सूत दुपदरी वा चौपदरी केल्यास फडकी, पिशव्या व आसने यांसाठी उपयोगी पडते. त्याचा पोत थोडा खरखरीत असल्याने तान्ह्या मुलांच्या कपड्यांना मात्र लांब धाग्याच्या कापसाचे सूत घ्यावे.

श्रम व मोबदला : १० सेंमी.त २० टाके व २८ ओळी या प्रमाणात विणलेल्या प्रौढ माणसाच्या साध्या स्वेटरात सु. ५०,००० टाके असतात. मिनिटाला २५ टाके या गतीने त्यास ३३ तासांहून अधिक, म्हणजे आठ तासांच्या चार दिवसांहून थोडा अधिक वेळ लागतो. शिलाई व धुणे निराळे. चार दिवसांची मजुरी व धाग्याची किंमत एकत्र केल्यास यंत्रावरील स्वेटर नेहमीच स्वस्त पडतो. ‘घरबसल्या उद्योग’ म्हणून शिकविलेले हे काम अनेक ठिकाणी थोड्याच काळात बंद पडते, ते या हिशेबामुळे. विणणाऱ्या स्त्रियांच्या कौशल्यातील उणिवेमुळे नव्हे. वेळ हा फुकटचा धरला, तरच अशा वस्तूची किंमत जुळते. म्हणून विक्रीसाठी टोपडी, मोजे, फडकी यांसारख्या थोड्या टाक्यांच्या वस्तू निवडणे आणि किंमत ठरविताना तासांची नोंद ठेवणे हितावह असते. मोठी वस्त्रे आप्तांसाठी विणली जातात. त्यांचे मोल बाजारभावाने ठरत नाही, तर ती उसवून पुन्हा किती वेळा विणली गेली यावरून कळते.