टीव्हीवरची आंधळी नायिका

नेरुळला आमच्या शेजारच्या वहिनींना दिसत नाही. संध्याकाळी आम्ही दोघी भाजी निवडत टीव्हीसमोर बसतो. परवा मालिकेतल्या नायिकेची अपघातात दृष्टी गेली. हात पुढे करून ती स्वतःच्याच घरात ठेचकाळत होती. मी तसं सांगितलं, तर वहिनी हसल्याच. ‘‘अगं, आपल्या घरात असं कोण चालतं? बघ हं, चार भागांत ऑपरेशन होऊन दिसायलाही लागेल!’’

खरंच! नेत्रदानातून बुबुळ बदलता येतं. पण दृष्टीची नसच सुकली असेल तर त्याचा उपयोग नाही. सई परांजपे यांच्या ‘स्पर्श’मधले (१९८०) नसीरुद्दीन शाहचे मुख्याध्यापक शेवटपर्यंत अंधच राहतात. कीव मात्र त्यांना खपत नाही. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही बजावलं, की पडद्यावर अपंगांची टिंगल नको, ठोकळेबाज चित्रण नको. लिहिताना त्यांनाही सोबत घ्या.

मालिकाच बघून शिकलेली मी! सुरुवातीला न विचारता वहिनींचा हात धरायची. आता आधी विचारते.

परवा मालिका रंगात आली होती. वहिनी उठल्या, गॅस बंद करून आल्या. कुकरच्या तीन शिट्ट्या झालेल्या मला कळल्याच नव्हत्या!